सोयाबीनच्या गाठीतलं प्रथिन आणि पेशीत शिरणारं पाणी

पावसाळ्यात सोयाबीनचं रोप हलक्या हाताने उपटलं की मुळांवर बारीक गाठी दिसतात. एखादी गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी-लाल निघते. या गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र धरून रोपाला देतात, हे मराठवाड्यातल्या बहुतेक शेतकऱ्यांना ठाऊक आहे. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळतात ते त्यासाठीच. गाठीतल्या जिवाणूंभोवती रोप स्वतःचं एक पातळ पटल तयार करतं आणि त्या पटलात नोड्युलिन-26 नावाचं प्रथिन भरपूर असतं. 1987 साली त्याचा क्रम, म्हणजे ते कोणत्या अमिनो आम्लांनी आणि कशा ओळीने बनलं आहे, हे प्रसिद्ध झालं. ते नेमकं काय काम करतं हे मात्र तेव्हा सांगता येत नव्हतं.

चार वर्षांनी, 1991 साली, अमेरिकेत बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काही संशोधक माणसाच्या रक्तातल्या एका अनोळखी प्रथिनाचा क्रम आधी माहीत असलेल्या क्रमांशी ताडून पाहत होते. त्याच्या नात्यातली म्हणून जी प्रथिनं समोर आली त्यात एक गाईच्या डोळ्याच्या भिंगातलं होतं, एक फळमाशीतलं, एक जिवाणूमधलं आणि एक सोयाबीनच्या मुळावरच्या गाठीतलं. त्यातल्या बहुतेकांचं काम नीट उलगडलेलं नव्हतं. माणूस, गाय, माशी, जिवाणू आणि सोयाबीन या सगळ्यांना लागतं असं काय असेल? उत्तर पाणी असं निघालं. ते शोधणारे पीटर ॲग्रे यांना 2003 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुरस्काराचा दुसरा अर्धा वाटा पेशीपटलातल्या पोटॅशियमच्या मार्गिकांवर, म्हणजे वाटांवर, काम करणारे रॉडरिक मॅकिनन यांचा होता.

लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलांनी ॲक्वापोरिन हा शब्द, म्हणजे पाण्याला वाट देणाऱ्या या प्रथिनांचं नाव, बरीच वर्षं पाठ केला. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात तो एका ओळीत येऊन जायचा. आता ते प्रकरणच वगळलंय. मला याचं वाईट वाटतं, कारण ज्या भागात पाण्याचा हिशोब रोज मांडावा लागतो तिथल्या मुलांना हा विषय सगळ्यात आधी आपला वाटला असता.

आधी मूळ प्रश्न समजून घेऊ. कोशिंबिरीसाठी काकडी चिरून मीठ लावलं की थोड्या वेळात भांड्यात पाणी साचतं. पाणी पेशींतून बाहेर, जास्त क्षारांच्या दिशेने जातं. हे परासरण आपण शाळेत शिकतो. पण शाळेत एक गोष्ट तशीच सोडून दिली जाते. प्रत्येक पेशीभोवती जे पटल असतं ते मुख्यतः मेदाचं असतं, आणि तेल-पाणी एकत्र होत नाही हे तर आपण रोज स्वयंपाकघरात पाहतो. मग पाणी त्या मेदातून आरपार जातं कसं?

बराच काळ बहुतेकांचं मत असं होतं की पाण्याचा रेणू इतका लहान आहे की तो मेदाच्या रेणूंमधून कसाबसा निसटतो. ते खोटं नाही. थोडं पाणी तसं जातंच. अडचण होती ती वेगाची. रक्तातल्या लाल पेशींतून पाणी इतक्या झपाट्याने आत-बाहेर होतं की नुसत्या निसटण्याने त्याचा हिशोब लागत नव्हता. 1950 च्या दशकापासून काही जैवभौतिकशास्त्रज्ञ म्हणू लागले की पटलात पाण्यासाठी वेगळी छिद्रं असलीच पाहिजेत.

त्यांच्याकडे दोन चांगले पुरावे होते. पहिला तापमानाचा. मेदाच्या थरात शिरायचं तर पाण्याच्या रेणूला शेजारच्या रेणूंशी असलेले बंध तोडावे लागतात आणि त्यासाठी उष्णतेतली ऊर्जा लागते, म्हणून थंडी वाढली की मेदातून जाणारं पाणी एकदम मंदावतं. लाल पेशींत तसं होत नव्हतं. तिथे थंडीत पाणी मंदावायचं ते फक्त मोकळं वाहणारं पाणी मंदावतं तेवढंच. दुसरा पुरावा पाऱ्याचा. पाऱ्याचे क्षार घातले की लाल पेशींतली ही जलद वाहतूक जवळपास थांबायची, आणि तो पारा काढून घेणारं रसायन दिलं की पुन्हा सुरू व्हायची. पारा प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटतो, म्हणजे छिद्र प्रथिनाचंच असणार.

तरी ते प्रथिन कोणाच्या हाती लागेना. पाणी सगळीकडेच असतं, त्यामुळे पाण्यावर खूण करून त्याचा माग काढणं कठीण. आणि पारा पेशीतल्या कितीतरी प्रथिनांना चिकटतो, त्यामुळे नेमकं कोणतं हे ओळखणंही कठीण. 1986 साली रुमानियातल्या क्लुज शहरात गेओर्गे बेंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाऱ्याच्याच मदतीने लाल पेशीतल्या अशा प्रथिनाच्या अगदी जवळ मजल मारली होती. त्यांनी ते वेगळं काढून त्याचं काम सिद्ध केलं नाही, पण हा इतिहास सांगताना त्यांचं नाव वगळणं मला न्यायाचं वाटत नाही.

पीटर ॲग्रे मुळात या शर्यतीत नव्हतेच. त्यांचा जन्म 1949 चा, मिनेसोटा राज्यातल्या नॉर्थफील्ड या लहान गावातला. वडील रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पण मुलाला शाळेत त्याच विषयात ‘डी’ श्रेणी मिळाली होती. ही गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. पुढे 1974 साली ते जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टर झाले. वैद्यकीय शिक्षण घेतानाच जुलाब घडवणाऱ्या जिवाणूच्या विषावर प्रयोगशाळेत काम केलं आणि तिथेच त्यांना संशोधनाची गोडी लागली. नंतर ते रक्तविकारांकडे वळले. लाल पेशीचा आकार टिकवणारी प्रथिनं, तिच्या पटलाची घडण, हा त्यांचा विषय झाला.

1980 च्या दशकात ते आरएच रक्तगटाच्या प्रथिनामागे होते. रक्तगट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ज्यावरून ठरतं ते हे प्रथिन. ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढायचं होतं. पण दर वेळी त्याच्यासोबत अजून एक, थोडं लहान प्रथिन निघायचं. त्याचं वजन 28 किलोडाल्टन. आधी वाटलं की आरएच प्रथिनाचाच तुटलेला तुकडा असेल. तपासल्यावर कळलं की याचा आरएचशी काही संबंध नाही. प्रथिनं बघण्यासाठी सगळे वापरतात त्या निळ्या रंगाने ते रंगतच नव्हतं, म्हणून इतकी वर्षं ते कोणाच्या नजरेत आलं नव्हतं. आणि ते थोडंथोडकं नव्हतं! एकेका लाल पेशीत त्याच्या जवळपास 2 लाख प्रती होत्या. मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांतही ते भरपूर सापडलं. 1988 साली या गटाने त्याच्यावरचा पहिला लेख प्रसिद्ध केला.

या कामात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते इथे आहे. ठरलेलं काम आरएचचं होतं, आणि नको असलेली भेसळ धुऊन टाकून पुढे जाणं कोणालाही चुकीचं वाटलं नसतं. ॲग्रे भेसळीपाशी थांबले. पेशी जर एखाद्या प्रथिनाच्या 2 लाख प्रती बाळगत असेल तर त्याला काहीतरी मोठं काम असणारच, एवढ्या एका विचारावर त्यांनी पुढची वर्षं घालवली. त्यांचे सहकारी ग्रेगरी प्रेस्टन यांनी त्या प्रथिनाचा जनुकीय क्रम शोधला आणि सोयाबीनसकट ती सगळी नातेवाईक प्रथिनं समोर आली.

काम काय हे तरीही उमगत नव्हतं. 1991 साली ॲग्रे कुटुंबासोबत फ्लोरिडाला सुटीसाठी गेले होते. परतताना ते चॅपेल हिल इथे त्यांचे जुने मार्गदर्शक जॉन पार्कर यांना भेटायला थांबले. पार्कर रक्तविकारतज्ज्ञ होते, शिवाय पेशीपटलातून होणाऱ्या वाहतुकीचे जाणकार. लाल पेशीत आणि मूत्रपिंडात भरपूर, वनस्पतींतही आहे, असं सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं की शरीरक्रियाशास्त्रज्ञ ज्याच्या मागे इतकी वर्षं आहेत ती पाण्याची मार्गिका हीच तर नसेल?

सिद्ध करण्यासाठी बेडकाची अंडपेशी वापरली. आपल्याकडे पहिल्या मोठ्या पावसानंतर डबक्यांमध्ये बेडकांची अंडी दिसतात. डबक्याच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, अंड्याच्या आत असतात. परासरणाच्या नियमाने पाणी आत घुसून ते फुटायला हवं. ते फुटत नाही, कारण त्याच्या पटलातून पाणी फार सावकाश शिरतं. नेमका हाच गुण या प्रयोगाला हवा होता. आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाच्या अंडपेशींत त्या प्रथिनाचा आरएनए टोचला आणि अंडपेशीने ते प्रथिन बनवून आपल्या पटलात बसवावं यासाठी तीन दिवस जाऊ दिले. मग त्या अंडपेशी कमी क्षारांच्या पाण्यात टाकल्या. ज्यांना नुसतं पाणी टोचलं होतं त्या जशाच्या तशा राहिल्या. ज्यांत नवं प्रथिन होतं त्या फुगत गेल्या आणि काही मिनिटांत फुटल्या. पाऱ्याचा क्षार घातला तर फुगणं थांबलं. एप्रिल 1992 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे ते प्रथिन एकटंच कृत्रिम मेदपटलात बसवून मोजमाप केलं, तेव्हा एका मार्गिकेतून सेकंदाला सुमारे 300 कोटी पाण्याचे रेणू जातात असा हिशोब निघाला.

इथून पुढचा भाग भौतिकशास्त्राचा आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात सुंदर. पाण्याला इतकी मोकळी वाट दिली, तर तिच्यातून नको ते का जात नाही? विशेषतः प्रोटॉन. पेशी आपली बरीच ऊर्जा पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनांच्या फरकातून मिळवते. प्रोटॉन मोकाट गळू लागले तर तो फरकच उरणार नाही आणि पेशी मरेल. आणि पाण्यातून प्रोटॉनला जायला स्वतः चालावंही लागत नाही. स्लॅब भरताना मजूर खालपासून वरपर्यंत रांगेत उभे राहतात ते आठवा. माणूस जागचा हलत नाही, मालाचं घमेलं मात्र हातोहात वर पोचतं. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजनबंधांनी धरून रांगेत असले की प्रोटॉन असाच या रेणूकडून त्या रेणूकडे दिला जातो.

2000 साली जपानचे योशिनोरी फुजियोशी आणि स्वित्झर्लंडचे आंद्रेआस एंगेल यांच्या गटांनी ॲग्रे यांच्यासोबत या प्रथिनाची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. मार्गिका दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये अरुंद आहे. सगळ्यात चिंचोळ्या जागी ती सुमारे 3 अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या तिप्पट. पाण्याचा एक रेणू जेमतेम मावेल एवढीच. म्हणून रेणू एकामागे एक जातात. पुढच्या दोन वर्षांत जर्मनीतल्या आणि अमेरिकेतल्या गटांनी संगणकावर प्रत्येक अणूची हालचाल मांडून पाहिली. मार्गिकेच्या मधोमध ॲस्परॅजिन नावाची दोन अमिनो आम्लं आहेत. तिथे पोचलेला पाण्याचा रेणू त्यांच्याशी बंध जोडतो आणि कलंडतो. स्लॅबच्या रांगेतला मधला मजूर वळून भलत्याच कामाला हात लावून बसला, तर घमेलं त्याच्या पुढे सरकणार नाही. इथे तसंच होतं. रेणू स्वतः पुढे निघून जातो, पण प्रोटॉन हातोहात देण्याची साखळी त्या जागी तुटते. शिवाय तिथला धन विद्युतभार प्रोटॉनला मागे रेटतो, आणि नंतरच्या अभ्यासांनी या रेट्यालाच जास्त महत्त्व दिलं. सेकंदाला कोट्यवधी रेणू सोडायचे आणि त्याहून लहान प्रोटॉनला अडवायचं, हे काम काही अणूंच्या मांडणीवर चालतं.

आता हेच मे महिन्यातल्या परभणीत आणून पाहा. पारा 43 अंशांच्या आसपास, वावरात काम चाललेलं. अंगातलं पाणी घामावाटे जातं, लघवी थोडी आणि गडद होते. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. त्यातला मोठा वाटा ॲग्रे यांनी शोधलेल्या पहिल्या ॲक्वापोरिनमधून जातो. शेवटचा थोडा वाटा दुसऱ्या प्रकाराच्या, म्हणजे ॲक्वापोरिन-2 च्या हाती असतो, आणि दुष्काळी दिवसांत त्याचीच किंमत कळते. अंगात पाणी कमी पडलं की मेंदू व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सोडतो. ते मूत्रपिंडात पोचलं की पेशींच्या आत बारीक पुटिकांत साठवून ठेवलेलं ॲक्वापोरिन-2 पटलावर आणून बसवलं जातं आणि पाणी परत रक्तात ओढलं जातं. पोटभर पाणी प्यालं की ते पुन्हा आत घेतलं जातं. काही मुलांमध्ये या प्रथिनाच्या जनुकात जन्मतः बिघाड असतो. हे 1994 साली दाखवलं गेलं. अशा मुलाला दिवसाला दहा-दहा लिटर लघवी होऊ शकते आणि पाणी वेळेवर मिळालं नाही तर त्याचा जीव धोक्यात येतो.

एरवी माणसात 13 ॲक्वापोरिनं आहेत. एक डोळ्याच्या भिंगात असतं, ते बिघडलं तर लहान वयात मोतीबिंदू होतो. एक मेंदूत असतं. विशेष म्हणजे जगात अगदी मोजक्या माणसांत पहिलं ॲक्वापोरिन नसतंच, आणि ती माणसं सापडली रक्तगटामुळे. कोल्टन नावाचा एक रक्तगट याच प्रथिनावर असतो. ती माणसं एरवी धडधाकट दिसतात, पण त्यांना पाण्यावाचून ठेवून तपासलं तेव्हा त्यांची मूत्रपिंडं लघवी पुरेशी दाट करू शकली नाहीत. रक्तगटाच्या कामातून निघालेला धागा ॲग्रे यांच्या हाती पुन्हा रक्तगटाच्याच रूपाने आला. 2008 साली ते जॉन्स हॉपकिन्सच्या मलेरिया संशोधन संस्थेचे प्रमुख झाले आणि झांबियातल्या माचा या खेड्यातल्या कामाशी जोडले गेले. मलेरियाच्या परजीवीतही एक ॲक्वापोरिन असतं.

वनस्पतींत मात्र या कुटुंबाचा पसारा फारच मोठा आहे. अरबिडोप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात 35 ॲक्वापोरिनं आहेत, आणि आपल्या कपाशीत त्यांची 71 जनुकं मोजली गेली. झाड जागचं हलू शकत नाही. त्याला पाणी जिथे, जसं, जेव्हा असेल तेव्हा घ्यावं लागतं, आणि नसेल तेव्हा असलेलं धरून ठेवावं लागतं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत याच मराठवाड्यातली उभी पिकं पाण्याखाली गेली. दोन्ही प्रसंगांत झाडाच्या मुळांमध्ये या मार्गिका बंद होऊ शकतात, आणि दोन्हीची कारणं वेगळी आहेत.

ताण पडला तेव्हाचं समजायला सोपं आहे. पाणी गमावू नये म्हणून पेशी या प्रथिनावरचे फॉस्फेट गट काढून टाकते आणि त्याचा एक लवचीक भाग मार्गिकेच्या तोंडावर येऊन बसतो. पालकाच्या प्रथिनात हे कसं घडतं ते 2006 साली अणूंच्या पातळीवर दिसलं. अतिवृष्टीचं मात्र पटकन पटत नाही. काळ्या जमिनीत पाणी साचून राहिलं, आठ-आठ दिवस वापसा आला नाही, तर मुळांना प्राणवायू मिळत नाही. प्राणवायूविना चालणाऱ्या क्रियांमुळे पेशीच्या आत आम्लता वाढते. फ्रान्समधल्या एका गटाने 2003 साली अरबिडोप्सिसच्या मुळांत दाखवलं की ही आम्लता ॲक्वापोरिनमधल्या हिस्टिडिन या एका अमिनो आम्लाला लागते आणि मार्गिका बंद होते. मुळं पाण्यात बुडालेली आणि पानं मात्र तहानलेली.

लांब उघडिपीनंतर जोराचा पाऊस झाला की कपाशीची हिरवीगार झाडं अचानक माना टाकतात. कृषी खात्याच्या सल्ल्यांत याला आकस्मिक मर म्हणतात. तिथे कोणतीही कीड किंवा बुरशी सापडत नाही. त्यामागे एकटं ॲक्वापोरिन आहे असं मी म्हणणार नाही. पण साचलेलं पाणी चर काढून लगेच बाहेर काढा आणि मुळांना हवा मिळू द्या हा तिथला पहिला सल्ला का असतो, ते यावरून समजतं.

मग दुष्काळासाठी जास्त ॲक्वापोरिनची पिकं तयार केली तर? हा प्रश्न साहजिक आहे आणि करून पाहिलेलाही आहे. 2003 सालच्या एका प्रयोगात तंबाखूच्या रोपांत अरबिडोप्सिसचं एक ॲक्वापोरिन जास्तीचं घातलं. पाणी भरपूर असताना ती रोपं जोमाने वाढली. पाणी तोडलं तेव्हा तीच लवकर सुकली, कारण ज्या वाटेने पाणी वेगाने आत येतं त्याच वेगाने ते पानांवाटे खर्चही होतं. आपल्या रब्बी ज्वारीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. पाऊस संपल्यावर पेरलेली मालदांडी किंवा परभणी मोती काळ्या रानात साठलेल्या ओलाव्यावरच दाणे भरते. मध्ये पाणी मिळायची खात्री नसते. अशा पिकाने डिसेंबरातच ओल उपसून टाकली तर कणसात दाणा भरायच्या वेळी जमिनीत काही उरत नाही. त्यामुळे संशोधक आता मार्गिका किती आहेत यापेक्षा मुळाच्या कोणत्या थरात आहेत, दिवसाच्या कोणत्या वेळी उघडतात आणि ताण पडल्यावर किती लवकर मिटतात, हे मोजत आहेत.